तुला हे कसं कळलं?

15 फेब्रुवारी 1855 रोजी ‘ज्ञानोदय’मध्ये एका निबंधाचा पहिला भाग छापून आला. उरलेला भाग 1 मार्चच्या अंकात आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती. वय साधारण चौदा, म्हणजे आजच्या हिशेबाने नववीतली.

हा निबंध वाचताना तिच्या धैर्याचं आश्चर्य वाटतंच, पण तिच्या पद्धतीचं त्याहून जास्त वाटतं. अन्याय होतो, एवढं म्हणून ती थांबत नाही. मोठमोठ्या इमारतींच्या पायात आपल्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत, हे ती लिहिते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून गेलेल्या माणसाचा गुलटेकडीच्या मैदानात कसा जीव घेतला जाई, हे जागेच्या नावानिशी लिहिते. आपल्या वस्तीतल्या बायका डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, हेही लिहिते. कुठे घडलं, काय घडलं, कोणाच्या अमलाखाली घडलं आणि आता काय करायला हवं, हा सखोल पत्रकारितेचा सगळा सांगाडा त्या निबंधात उभा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केल्याला तेव्हा जेमतेम 23 वर्षं झाली होती.

मुक्ता असामान्य होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. ती असामान्य होतीच. पण तिला कोणी तरी शिकवलंही होतं, अक्षरं ओळखायला आणि त्याच अक्षरांनी जाब विचारायला. एखाद्या गोष्टीच्या तळाशी जाऊन लिहिणं शाळेतल्या मुलांना शिकवता येतं. ते शिकवताना वर्गात काय घडतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ते फार विलक्षण आहे.

आपल्या अभ्यासक्रमात याची सुरुवात आहे. दहावीच्या कुमारभारतीत बातमीलेखन आहे. बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीच्या विभागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख असे चार घटक आहेत. वृत्तलेख हा शब्द बारावीच्या पुस्तकात असणं ही मोठी गोष्ट आहे. बातमी ज्या क्षणी थांबते, तिथून वृत्तलेख सुरू होतो. अडचण आहे ती सरावाची. परीक्षेत प्रश्न येतो की शाळेत वृक्षारोपण झालं, बातमी तयार करा. मूल बाकावर बसल्या बसल्या प्रमुख पाहुणे ठरवतं, झाडांची संख्या ठरवतं, आभारप्रदर्शन करून मोकळं होतं. गुण मिळतात. पण या सरावातून मुलाला न घडलेल्या गोष्टीची बातमी लिहायची सवय लागते, आणि पत्रकारितेत नेमकी हीच गोष्ट कधीही करायची नसते.

बातमीचे सहा ककार सगळ्यांना पाठ असतात: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. यातले पहिले चार एका दुपारीत सापडतात. ‘का’ आणि ‘कसे’ यांना कधी महिने लागतात. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या चारांवर चालतं, कारण त्याला रात्री छापायचं असतं. शाळेला ती घाई नाही. शाळेकडे पूर्ण वर्ष आहे, तीस-चाळीस जोड्या डोळे आहेत आणि ही मुलं ज्या गावाबद्दल लिहिणार त्याच गावात राहतात. इतकी मोठी सवड आणि इतके बातमीदार कुठल्याही वृत्तपत्राच्या कचेरीला एका गावासाठी परवडणार नाहीत.

असं एक गाव घेऊ. मुळशी तालुक्यातलं उरवडे. पुण्याहून पौड रस्त्याने निघालं की पिरंगुट लागतं. तिथून आत वळलेला, मुठा खोऱ्याकडे आणि पुढे लवासाकडे जाणारा रस्ता उरवड्यावरून जातो. एका बाजूला भाताची खाचरं, दुसरीकडे कंपन्यांच्या शेड, मध्ये प्लॉटिंगचे फलक आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या गाड्या. शहर जिथे गावात शिरतं ती सीमारेषा इथे रोज हलते, आणि ती हलताना बघणारी मुलं इथल्या शाळेत जातात.

समजा, नववीच्या वर्गाने ठरवलं की आपल्या गावातल्या भातशेतीवर लिहायचं. हा झाला विषय. विषयावर फक्त निबंध होतो. शिक्षकांचं पहिलं काम म्हणजे विषयाचा प्रश्न करून घेणं. ‘गेल्या वीस वर्षांत गावातलं भाताचं क्षेत्र किती कमी झालं आणि का?’ हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कुठे तरी आहे, ते चूक किंवा बरोबर ठरू शकतं आणि वर्गात कोणालाही ते आधीपासून माहीत नाही. शिक्षकांनाही नाही. शाळेत हा प्रसंग क्वचित येतो. एरवी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत छापलेलं असतं. इथे ते खाचरात आहे, तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि आजीच्या आठवणीत आहे.

मुलं पहिल्यांदा घरी विचारतात. “आमच्या वेळी त्या ओढ्यापर्यंत सगळी खाचरंच होती,” असं आजी सांगते. मुलगी ते वहीत लिहून आणते. शिक्षक विचारतात, “तुला हे कसं कळलं?” आजीने सांगितलं. आजीला कसं कळलं? ती तिथे आवणीला जायची. कोणत्या साली? कोणाच्या शेतात? ओढा म्हणजे नेमका कोणता? मुलगी पुन्हा घरी जाते. या वेळी आजीला जास्त आठवतं, कारण या वेळी प्रश्न जास्त नेमका आहे. मुलाखतीचं पहिलं गुपित मुलांना इथेच कळतं. माणसाकडे असलेली माहिती आपल्या प्रश्नाच्या मापानेच बाहेर येते. दुसरं गुपित थोड्या सरावाने कळतं. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही, थोडं थांबायचं. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

यानंतर कागद. सातबारा हा शब्द मुळशीतल्या प्रत्येक मुलाने घरात ऐकलेला असतो, बहुधा वादाच्या संदर्भात. पण त्यातला गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची आणि नमुना बारा म्हणजे त्यात पीक कोणतं, हे फार कमी मुलांना ठाऊक असतं. आपल्या राज्यातल्या प्रत्येक शेताचा पिकाचा इतिहास वर्षावर्षाने कागदावर लिहिलेला आहे, ही गोष्टच मुळात चकित करणारी आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून शेताचा फोटो काढून पिकाची नोंद करतात. त्याआधीच्या नोंदी तलाठी दप्तरात असतात. आणि वर आकाशातून काढलेली जुनी चित्रंही आहेत. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं उघडली की तेच गाव वेगवेगळ्या वर्षांत दिसतं. कुठली हिरवी चौकट कधी पांढऱ्या पत्र्याची झाली, हे वर्गातल्या पडद्यावर मुलं स्वतः मोजू शकतात.

आता तीन साक्षी झाल्या: आजी, सातबारा आणि उपग्रह. खरी मजा पुढे आहे. तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत, असं आढळलं तर? समजा, जमिनीच्या एका गटाच्या कागदावर भात आहे, चित्रात मात्र तारेचं कुंपण आहे आणि आजी म्हणते की तिथे पंधरा वर्षांत नांगर लागलेला नाही. नवशिक्याला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. अनुभवी बातमीदाराला कळतं की गोष्ट इथेच आहे. नोंद कोणी केली? प्रत्यक्ष न जाता केली का? जमीन पडीक दाखवली तर कोणाचं नुकसान होतं आणि भात दाखवला तर कोणाचा फायदा? की आजीच्या मनातली जागा वेगळीच आहे? ‘का’ आणि ‘कसे’ हे दोन ककार इथे जिवंत होतात. पुरावे जिथे एकमेकांना खोटं पाडतात तिथेच खोलवर उतरायची वाट असते, हे चौदाव्या वर्षी कळलेलं मूल पुढे कुठलाही फॉरवर्ड डोळे मिटून पुढे पाठवणार नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली शाळकरी मुलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हजारो उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रायोजित मजकूर असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात माध्यमिक शाळेतल्या 80 टक्क्यांहून जास्त मुलांना खरी बातमी वाटली होती. त्याच गटाने पुढे व्यावसायिक तथ्यतपासनीस कसं काम करतात ते पाहिलं. ही मंडळी संशयास्पद पान वाचत बसत नव्हती. ती लगेच त्या पानातून बाहेर पडून त्याच्याबद्दल इतर लोक काय सांगतात ते शोधत होती. ही सवय आहे आणि सवय लावता येते. उरवड्यातली मुलगी आजीकडून तलाठ्याकडे आणि तलाठ्याकडून उपग्रहाकडे जाते तेव्हा ती हेच करत असते.

काही उत्तरं विचारून मिळत नाहीत, तिथे कायदा मदतीला येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार माहिती मागण्याचा हक्क सगळ्या नागरिकांना आहे आणि त्या कलमात वयाची अट नाही. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क लागतं आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. नेमका प्रश्न विचारायचा सराव म्हणून याहून चांगला गृहपाठ सुचणार नाही. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. वर्षं, गट क्रमांक आणि दस्तऐवजाचं नाव घालून केलेल्या अर्जाला कागद येतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या तेराव्या अनुच्छेदाने मुलांना माहिती शोधण्याचा, मिळवण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क दिला आहे. भारताने ही संहिता 1992 साली स्वीकारली.

उरवड्यात आणखी एक प्रश्न आहे आणि तो सोपा नाही. 7 जून 2021 रोजी इथल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली. 17 कामगार गेले, त्यांपैकी 15 स्त्रिया होत्या. अडकलेल्यांपर्यंत पोचायला भिंती यंत्राने फोडाव्या लागल्या. पहिल्या तासांतल्या बातम्यांत मृतांचे आकडे वेगवेगळे होते. चार ककार त्याच रात्री देशभर पोचले. पण कारखान्याची पाहणी कोणत्या खात्याने करायची असते, ती किती दिवसांनी व्हायला हवी, तिचा अहवाल कुठे ठेवतात, बाहेर पडायचे दरवाजे किती असायला हवेत, या गोष्टी गावातल्या मुलांना कोणी सांगितल्या? त्यांच्या आया, मावश्या आणि शेजारणी रोज सकाळी कंपनीत कामाला जातात. आगीच्या वेळी 1948 सालचा कारखाने अधिनियम लागू होता. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करत होतं. एवढं वाक्य जरी मुलांनी स्वतः शोधून गावात वाचून दाखवलं, तरी ते उपयोगाचं काम आहे.

आणि इथेच शिक्षकाची खरी परीक्षा असते, कारण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातलं मूल कदाचित याच वर्गात बसलेलं असेल. कोणाला विचारायचं, कोणाला विचारायचं नाही, रडणाऱ्या माणसासमोर वही कधी मिटायची, नाव छापायला परवानगी कशी घ्यायची, ती नंतर मागे घेतली तर काय करायचं, हे सगळं लिहिण्याआधी शिकवावं लागतं. मुलांना कारखान्याच्या फाटकावर जाब विचारायला पाठवायचं नसतं. ते मोठ्यांचं काम आहे. मुलांनी कायदा वाचायचा, कागद मागवायचे, घरी येणाऱ्या कामगारांशी त्यांच्या संमतीने बोलायचं. संकटात सापडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायला कायद्यानेच बंदी आहे. सत्य शोधताना माणूस दुखावू नये याची काळजी घेणं हा या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. तो वगळला तर उरतो तो फक्त चौकसपणा.

शाळकरी मुलांनी केलेल्या अशा कामाचे दाखले जगात आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत 1966 साली मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला सुरुवात केली: ओंडक्यांचं घर कसं बांधत होता, साबण कसा करत होता, हवामान कसं ओळखत होता. त्यातून ‘फॉक्सफायर’ हे नियतकालिक निघालं. 1972 साली त्याचं पुस्तक झालं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. शाळकरी मुलांनी विचारलं नसतं तर त्या डोंगरातलं कितीतरी ज्ञान म्हाताऱ्यांबरोबर संपलं असतं. 2017 साली कॅन्सस राज्यातल्या पिट्सबर्ग हायस्कूलचे विद्यार्थी आपल्या अंकासाठी नव्या मुख्याध्यापकांचा साधा परिचय लिहायला बसले होते. पदवी देणाऱ्या विद्यापीठाची माहिती पडताळताना काही जुळेना. त्यांनी नेटाने शोध घेतला, लेख छापला आणि त्या व्यक्तीने पद स्वीकारण्याआधीच राजीनामा दिला. मोठ्या माणसांच्या निवड समितीच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मुलांना दिसली, कारण त्यांनी एक ओळ गृहीत धरली नाही.

आपल्याकडे दिल्लीत रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुलं 2003 पासून ‘बालकनामा’ हे स्वतःचं वर्तमानपत्र काढत आली आहेत. पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं ऑनलाइन दालन शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना गावातल्या साध्या माणसांच्या जगण्यावर लिहायला शिकवतं आणि त्यांचे लेख छापतं. ‘पारी’वरचे लेख मराठीतही वाचायला मिळतात. मराठीत या लेखनाचा वारसा समृद्ध आहे. पुणे जिल्ह्यातल्याच ओतूरचे अनिल अवचट शिक्षणाने डॉक्टर होते. बिहारवरचं त्यांचं ‘पूर्णिया’ 1969 साली आलं. पुढे निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांपासून कितीतरी लोकांवर त्यांनी लिहिलं. त्यांचं वाक्य नववीतल्या मुलाला सहज कळतं, इतकं ते साधं असतं. वाक्य साधं, पण त्यामागचं चालणं, बसणं आणि ऐकणं दीर्घ. मुलांसमोर ठेवायला यापेक्षा चांगला नमुना नाही.

आणि मुळशीचा स्वतःचा धडाही आहे. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. धरण झालंच. ते पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे गेलं. शेतं बुडाली, पण ती लढाई आज शंभर वर्षांनंतर आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे, कारण त्यात उतरलेल्या विनायकराव भुस्कुट्यांनी ती लिहून ठेवली आणि पुढे राजेंद्र व्होरांसारख्या अभ्यासकाने कागदपत्रं धुंडाळून तिचा इतिहास रचला. ज्या गावांबद्दल कोणी लिहिलं नाही, त्या गावांचं काय बुडालं हे कोणी सांगू शकत नाही.

सगळी माहिती जमल्यावर मुलं लिहायला बसतात, तेव्हा आणखी एक चमत्कार घडतो. कित्येक महिने वहीत गोळा केलेल्या गोष्टींतली दहातली आठ पानं गाळावी लागतात. पहिला खर्डा नेहमी ‘आमचे गाव निसर्गरम्य आहे’ असा सुरू होतो. शिक्षक समासात तोच प्रश्न लिहितात: तुला हे कसं कळलं? मूल ‘निसर्गरम्य’ खोडतं आणि ओढ्याकाठच्या त्या एका खाचराबद्दल लिहितं, ज्यात आजी आवणीला जायची. दुसरा खर्डा वर्गात मोठ्याने वाचला जातो. जिथे ऐकणारे चुळबुळ करतात तिथे वाक्य लांबलेलं असतं. प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने तो कुठून आला हे लिहिलं जातं. ज्याच्याबद्दल टीका आहे त्याला त्याचं म्हणणं विचारलं जातं आणि ते छापलं जातं. तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात कधी तरी मुलीला कळतं की या विषयावर जगात सगळ्यात जास्त माहिती आता आपल्याकडे आहे. पुस्तकात नाही, शिक्षकांकडे नाही, इंटरनेटवर नाही. चौदाव्या वर्षी हा अनुभव आलेलं मूल पूर्वीचं राहत नाही.

छापण्यासाठी छापखाना लागत नाही. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित या मराठी शाळांच्या जुन्या परंपरा आहेत. त्यांत कविता, सुविचार आणि कोडी असतात, ती असावीतच. त्यांच्या शेजारी वर्षातून एक असा लेख लागला, जो गावाबद्दल आहे, सहा महिने खपून लिहिला आहे आणि ज्यातलं प्रत्येक विधान तपासलेलं आहे, तर ते भित्तिपत्रक वाचायला गाव शाळेत येईल. ग्रामपंचायतीच्या चौकात तो वाचून दाखवला तर चूक दाखवणारेही भेटतील. चूक मिळाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची. प्रामाणिक पत्रकारितेचा तो शेवटचा आणि सगळ्यात अवघड पाठ आहे.

म्हणून मुळशीतल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे. या जूनमध्ये नववीच्या वर्गाला गावाबद्दलचा एकच खरा प्रश्न निवडू द्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. दिवाळीपर्यंत त्यांना विचारू द्या आणि परीक्षेच्या आधी लिहू द्या. आणि पालकहो, तुमचं मूल वही घेऊन समोर बसलं आणि जुन्या खाचराबद्दल किंवा कंपनीतल्या पाळीबद्दल विचारू लागलं, तर त्याला हाकलू नका. नीट, वर्षासकट, नावासकट सांगा. तुमच्या गावाचा इतिहास लिहायला बाहेरून कोणी येणार नाही. तो लिहिणारी माणसं तुमच्या घरात शाळेचा गणवेश घालून वावरत आहेत.